भेंडीची तार

दर शनिवारी एक गृहस्थ मंडईत दिसतात. भेंडी मोडतात, आतला चिकट रस बोटावर घेतात आणि पाकाची बघावी तशी अंगठ्याने त्याची तार बघतात. तार लांबली की चेहरा खुलतो.

"अहो काका, लोक चिकट नको म्हणून भांडतात, आणि तुम्ही!" भाजीवाली म्हणते.

एकदा न राहवून मी त्यांना विचारलंच. ते फार्मसी कॉलेजात शिकवतात.

"आमच्याकडे एक मॅडम कॅन्सरवर संशोधन करतात, एक सर मधुमेहावर. मी भेंडीवर," ते निर्विकारपणे म्हणाले. "हा रस वाळवतो, त्याची पूड गोळीत घालतो. गोळी हातात फुटू नये आणि पोटात गेल्यावर अडून बसू नये. माणसांना तरी जमतं का हे?"

मला हसू आलं. त्याच संध्याकाळी वडिलांची रक्तदाबाची गोळी अर्धी करायला गेलो, तर नेहमीसारखा तिचा भुगा झाला. वडील तो बोटाने टिपून चाटत बसले. किती पोटात गेली, देव जाणे.

पुढच्या शनिवारी मंडईत भेंडीच्या सरांना हे सांगितलं. बांधलेली पिशवी त्यांनी परत उघडली.

"मावशी, अजून अर्धा किलो टाका."