येळवशीला मायचा सत्कार

लोहाऱ्याच्या स्टँडवर माझी पत्र्याची पेटी जीपच्या टपावर चढली तेव्हा माय म्हणाली, "तिकडं कुणी इचारलं तर शेत हाय म्हण. माय हाय म्हणून सांगू नगं, माय काय सगळ्यांलाच असती." मी हसलो आणि पुण्याला गेलो. पुढं बावीस वर्षं तिचं तंतोतंत ऐकलं. शेताच्या गप्पा सोसायटीभर मारल्या, माय मात्र सणापुरती बाहेर काढली. चांदीच्या ताटासारखी. पुसायची, फोटो काढायचा, परत ठेवायची.

गावात राहिलेल्यांना आमची ही जात ओळखीची आहे. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आम्ही चारचाकीतून शेतात उतरतो, ज्वारीत उभं राहून दात दाखवतो, ओल्या तुरी-हरभऱ्याच्या दाण्यांची आंबट, पातळ भज्जी ओरपतो आणि उन्हं कलायच्या आत टोलनाका गाठतो. मी या जातीचा म्होरक्या.

गेल्या येळवशीला तर कहर केला. म्हाताऱ्या माणसांना सणात एकटं वाटू देऊ नये, असं मोबाइलवर कुठंतरी वाचलं आणि सुचलं ते हे: भज्जी आचाऱ्याकडून आणायची, मायला खुर्चीवर बसवायचं आणि शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा. वर्षभर न वापरलेली अक्कल साठून राहते, ती अशी सणाला बाहेर पडते.

शेतातल्या कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, चुना लावलेल्या दगडांचे पाच पांडव पुजून झाले. माय सवयीनं चुलीकडं वळली, तर तिथं चूलच नव्हती.

"आत्याबाई, आज तुम्ही काहीच करायचं नाही," बायको लाडानं म्हणाली.

माय खुर्चीच्या कडेवर टेकली, तहसिलात टेकतात तशी. मी घसा साफ करून भाषण ठोकलं. 'आपले मोलाचे योगदान' असं सख्ख्या आईला म्हणालो. शाल घातली, नारळ दिला. जेवायला जमलेल्या भावकीनं टाळ्या वाजवल्या.

माय नारळाकडं बघत राहिली. "मागं हेडमास्तरला असाच दिला हुता," ती म्हणाली. "दुसऱ्या दिशी त्येंच्या खुर्चीत दुसराच बसला."

टाळ्या थांबल्या.

"मला बी काढलं व्हय रं कामावरनं?"

"तसं न्हाय गं माय, प्रेमानं..."

"पिरमानं व्हय!" तिनं आचाऱ्याच्या भज्जीत बोट बुडवून चाटलं. "ह्यात तूर कुठं हाय? चिंच कुठं हाय? तुमच्या पिरमावाणीच हाय ही. नुसता रंग."

उठली. अंगावरच्या शालीची झोळी केली आणि तुरीत शिरली. पंधरा मिनिटांत झोळीभर शेंगा माझ्यापुढं ओतल्या आणि तीन दगड मांडून चूल केली. "सूनबाई, शेजारच्या कोपीतनं पातेलं आन. आन् तू रं, भाषणवाल्या, सोल."

मी सोलत बसलो. बावीस वर्षं की-बोर्ड बडवलेली बोटं, शेंगेगणिक दोन दाणे मातीत. माय चुलीपुढनं ओरडत होती, "सोलतुयास का पेरतुयास?" भावकी आता खरोखरची हसली. जेवायला चार वाजले. एवढं बोलताना मी मायला कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

परवा तिचा फोन आला. तब्येत विचारली नाही, कधी येता विचारलं नाही. "पुढल्या येळवशीला आदल्या दिशी ये. सोलायला माणूस कमी पडतंय."

माणूस म्हणाली. घर कुठलं, असं कुणी विचारलं की आता मी तेच सांगतो: जिथं मी अजून कच्चा रोजंदार आहे आणि मुकादम अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे.