कॅबिनेटचा गळा

माझ्या नातीचा कॉम्प्युटर तापायचा. तापायचा म्हणजे इतका, की काम अर्ध्यावर टाकून आपला आपण बंद पडायचा.

नात घरबसल्या इमारतींच्या फिल्मा बनवते. चिखलोलीकडे ज्या जागेवर आज नुसतं गवत आणि बिल्डरचे निळे पत्रे आहेत, तिथे हिच्या पडद्यावर उंचच उंच टॉवर उभे राहतात, झाडं डुलतात आणि पोहण्याच्या तलावाकाठी एक बाई आरामखुर्चीत पाय पसरून पडलेली असते.

"ही कोण गं?" मी एकदा विचारलं.

"रेडीमेड मिळते, आजी."

आमच्या कात्रपच्या बिल्डिंगीत नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून मी त्या बाईकडे जरा रागानेच बघते.

तर झालं असं, की नोकरी सोडल्यावर नातीला स्वतःचं म्हणून पहिलं मोठं काम मिळालं होतं. शनिवारी बिल्डर लोकांना बोलावून मोठ्या पडद्यावर फिल्म दाखवणार होता. पण ही फिल्म शेवटी कॉम्प्युटरमध्ये मुरायला ठेवावी लागते, सलग, मध्ये खंड न पडता. आणि तो पठ्ठ्या दरवेळी मध्येच मान टाकायचा. जुन्या ऑफिसातून फोन आला, झेपत नसेल तर काम आमच्याकडे दे आणि तूही परत ये. माझ्या मुलाला, म्हणजे तिच्या बापाला, हे पटलंच. "त्यात कमीपणा काय आहे?" तो जेवताना म्हणाला. नात ताट उचलून खोलीत गेली. ती उत्तर दिल्याशिवाय राहणारी मुलगी नाही, म्हणून मला घोर लागला.

मी माझ्या परीने उपाय सुचवले. टेबलफॅन लाव. ओला पंचा टाक. पंच्याचं ऐकून तिने कॉम्प्युटर माझ्यापासून लांब सरकवला.

मग तिने पाण्यावर चालणारा कूलर मागवला. गाडीच्या रेडिएटरचं पिल्लूच ते, लांबट आणि जाळीजाळीचं. त्यातून दोन काळ्या नळ्या निघतात आणि त्यांच्या दुसऱ्या टोकाला तळहाताएवढा गोल पंप असतो. पंप कॉम्प्युटरच्या मेंदूवर बसतो, तिथली उष्णता पाण्याबरोबर रेडिएटरकडे जाते. सगळं कंपनीतूनच पाणी भरून बंद करून येतं, नळ्या सुट्या करता येत नाहीत. एवढं ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

कूलर आला आणि कॅबिनेटमध्ये मावेना. कॅबिनेट म्हणजे कॉम्प्युटरचा तो पत्र्याचा डबा. रेडिएटर आणि त्याचे पंखे असे दोन्ही थर छताखाली लावायला गेलं की आतल्या उभ्या पट्ट्यांना टेकायचे. नातीने डबा आडवा केला, उभा केला, त्याच्यासमोर मांडी घालून बसली. शेवटी म्हणाली, "पंखे आत आणि रेडिएटर बाहेर, छतावर. मध्ये पत्रा कापायचा. आजी, तुझ्याकडे खाकी कागद आहे का?"

खाकी कागद माझ्याकडे नसेल तर कुणाकडे असेल? उभं आयुष्य कापड बेतण्यात गेलं माझं. तिने छताच्या मापाचा कागद कापला. त्यावर हवेसाठी लांब चौकोन काढला, स्क्रूच्या जागा खुणावल्या आणि मागच्या बाजूला नळ्या आत जाण्यासाठी शेजारी शेजारी दोन गोल. सुबक काम. मी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, "छान बेतलंयस." हे मी म्हणाले होते, हेही ध्यानात ठेवा.

पत्रा कापायला उल्हासनगरला, कॅम्प चारला जायचं मीच ठरवलं. लग्न होऊन मी तिथल्याच एका गल्लीत आले होते. तिथे एक सिंधी गृहस्थ विजेच्या मीटरचे डबे बनवतात. त्यांच्या आईला मी परकर शिवून द्यायचे. नातीने कॅबिनेट आतून रिकामं केलं, चादरीत गुंडाळलं आणि आम्ही रिक्षात बसलो. डबा तिच्या मांडीवर, रेडिएटर माझ्या. एका हातात त्याचं धूड, दुसऱ्या हातात तो पंप. अंबरनाथला खड्डे लागले तेव्हा मी नकळत पंपाखाली हात धरला. तान्ह्या मुलाच्या डोक्याखाली धरतात, तसा.

"अम्मा, बऱ्याच दिवसांनी," शेठ म्हणाले. कागद पाहून त्यांनी मान डोलावली. "पोरीने मस्त काढलंय. बघा, अभी कापतो."

चौकोन कापून झाला. ठिणग्या उडाल्या, कडा कानशीने घासून झाल्या. शेठनी गोल भोक पाडायचं मशीन उचललं आणि पहिल्या गोलावर टेकवलं. मी रेडिएटर मांडीवर घेऊन स्टुलावर बसले होते. नळ्या खाली लोंबत होत्या, पंप माझ्या हातात. मी त्या गोलाकडे पाहिलं. मग पंपाकडे पाहिलं.

"थांबा," मी म्हणाले.

"अम्मा, मशीन चालू आहे, पटकन बोला."

"बंद करा ते. हिने गळा मानेच्या मापाने काढलाय. डोकं कुठून जाणार?"

शेठ नातीकडे बघायला लागले, नात माझ्याकडे. तिला वाटलं म्हातारीला धूर लागला. मी पंप उचलून कागदावरच्या गोलावर ठेवला. गोल त्याच्याखाली दिसेनासा झाला.

हे मला कसं दिसलं ते सांगते. त्यात शहाणपण काही नाही, एका महामूर्ख पोरीची कृपा आहे.

ती पोरगी म्हणजे मी. नुकती लग्न होऊन आलेली. शिवणक्लासचं सर्टिफिकेट फ्रेम करून आणलेलं आणि भिंतीवर लग्नाच्या फोटोच्याही वर टांगलेलं. मोठ्या जाऊबाईंना मुलगा झाला. विहारात नामकरण होतं. सासूबाई म्हणाल्या, मागून नाडीचं साधं झबलं शीव. मला ते गावठी वाटलं. मी झोपलेल्या पोराच्या मानेला टेप लावून माप घेतलं आणि अगदी फॅशनचा, बंद गोल गळा शिवला. वर लेस. चार लोकांत घालायला गेले, तर ते डोक्यावरच अडलं. शहाण्या बाईने थांबायचं ना? मी ओढलं. पोरगं त्या लेसमध्ये नाकापर्यंत अडकून किंचाळायला लागलं. आणि मी, सर्टिफिकेटवाली, जाऊबाईंच्या तोंडावर काय म्हणाले असेन? "याचं डोकंच मोठं आहे."

सासूबाईंनी कात्री घेतली, गळ्यापासून पाठीवर सरळ चीर दिली, सासऱ्यांच्या जुन्या सदऱ्याचं बटण काढून तिथे लावलं. "घाल आता," म्हणाल्या. "त्याचं डोकं आहे तेवढंच राहू दे."

इकडे नात पंप हातात घेऊन उलटसुलट करत होती. "पंपच किती मोठा दिलाय यांनी," ती पुटपुटली.

"त्याला बोल लावू नकोस. मी लावून पाहिलाय."

"मग भोकच मोठं करतो," शेठ म्हणाले. नातीने कागदावर बोट फिरवलं. मोठं भोक थेट पंख्याच्या स्क्रूंवर जात होतं. जागाच नव्हती.

"चीर द्या," मी म्हणाले. "भोकापासून कडेपर्यंत. म्हणजे डोकं आतच राहील आणि नळ्या बाजूने सरकत येतील."

शेठनी मान हलवली. "कडा कापली की पत्र्यात दम नाही राहणार, साईं. वर एवढं वजन. छत ढिलं पडेल."

इथे माझं शिवणकाम संपलं. झबल्यावर कुणी रेडिएटर ठेवत नाही. नातीने मात्र डोळे बारीक केले, शेठच्या भंगारातून जाड पत्र्याची एक पट्टी उचलली आणि कडेवर आडवी धरली. "नळ्या घातल्यावर ही वरून लावली तर? दोन्हीकडे स्क्रू?"

शेठनी पट्टी वाकवून पाहिली. वाकली नाही. "चलेगा," म्हणाले आणि दोन भोकांऐवजी एकच लांबट खाच कापली, कडेपर्यंत मोकळी. धारेवर रबर चढवलं. पंप आत, रेडिएटर बाहेर, नळ्या खाचेतून अलगद सरकल्या. वरून पट्टी. शेठनी छतावर थाप मारली. जराही हललं नाही. रिक्षात येताना मी नातीला झबल्याची गोष्ट सांगितली, तर अंबरनाथ येईपर्यंत ती हसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने फिल्म लावली. मुलगा कामावर जाताना डोकावला, छतावर हात धरून म्हणाला, "गरम हवा येतेय. बिघडलं वाटतं."

"गरम बाहेर येतेय म्हणजे आत गार आहे, बाबा," नात म्हणाली. तो बूट घालून निघून गेला, पण दुपारी दोनदा त्याचा फोन आला. तब्येत माझी नाही, कॉम्प्युटरची विचारत होता.

तो कॉम्प्युटर दिवसभर चालला, पुढेही चालत राहिला आणि शुक्रवारी जेवणाच्या वेळेला नात खोलीतून बाहेर आली. "झाली," एवढंच म्हणाली आणि दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. शनिवारी बिल्डरने फिल्म दाखवली आणि त्याच संध्याकाळी दुसऱ्या टॉवरचं काम दिलं. ऑफिसचा फोन आला तेव्हा तिने माझ्यासमोर स्पीकर लावला. "नाही सर, परत नाही येणार. माझंच काम भरपूर आहे." मुलगा पेपर वाचत होता. पेपर खाली न करता म्हणाला, "मशीन मजबूत बनवलंय पोरीने."

"आणि पोरीच्या आजीने," मी म्हणाले.

पुढच्या पौर्णिमेला माझा पुतण्या अंबरनाथहून भेटायला आला. कारखान्यात मोठा साहेब आहे, डोक्यावर आता एक केस नाही. त्या झबल्यात अडकलेलं डोकं ते हेच. नातीने त्याला सगळं सांगितलं, चीर दाखवली, पट्टी दाखवली.

"म्हणजे काकी," तो टकलावरून हात फिरवत म्हणाला, "या डोक्याची बदनामी अजून संपली नाही."

"बदनामी कसली? तुझ्या डोक्यावर या घराचं काम चाललंय."

त्याने वाकून पट्टी नीट पाहिली. साहेबी सवय, खोट काढल्याशिवाय चैन नाही. "सगळं ठीक आहे," म्हणाला, "पण बटण कुठाय?"

मी उठले आणि बटणांचा डबा आणला. नात नको नको म्हणत होती, पण लाल बटण तिनेच निवडलं.