दुसरा नमुना

भांडुपच्या टेकडीवर डेंग्यूची साथ आली तेव्हा मी शिकाऊ डॉक्टर होते. आमच्या विभागाने साथीचा अभ्यास हाती घेतला आणि घरोघर फिरून रक्त गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. ताप असताना एकदा रक्त घ्यायचं, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. दोन्ही नमुने ताडून पाहिले तरच ताप डेंग्यूचाच होता असं खात्रीने म्हणता यायचं. औषध मात्र नव्हतंच.

वरच्या गल्लीत मालवणकडचं एक जोडपं राहायचं. गिरणी बंद पडल्यापासून नवरा घरीच होता. बायको तापाने फणफणली होती. मी तिच्या दंडाला रबरी नळी बांधली तसा तो जवळ आला.

"ह्या रगतान तिचो ताप उतरतलो?"

"नाही काका. ताप कसला आहे ते कळेल."

"मगे?"

मी रक्ताची नळी बर्फाच्या फ्लास्कमध्ये ठेवली. मोरीतल्या पिंपात अळ्या वळवळत होत्या. पाणी ओतून टाका म्हटलं, तर बाई पडल्यापडल्याच म्हणाली, "ह्या ओतल्यार प्यायचा काय? नळ खय येता?" पिंपावर फडकं बांधा आणि कुठूनही रक्त आलं तर लगेच इस्पितळ गाठा, एवढं सांगून मी निघाले.

दुसऱ्या फेरीला गेले तेव्हा तो एकटाच दारात बसला होता. डोक्यावरचे केस उतरवलेले. मी बर्फाचा फ्लास्क खाली ठेवला.

"हिरड्यांतसून रगात इला," तो म्हणाला. "रिक्षा वर येयना. खुर्चयेर बसवन खाली नेलंव. थंय पोचासर..."

त्याने सदऱ्याची बाही वर सरकवली. "तिचा आता खयसून देव? माका पण ताप इल्लो, बाये. माझा घे."

मी घेतलं. पहिल्यांदा शीर चुकली. त्याने दुसरा हात पुढे केला.

निकाल आले ते साथ ओसरल्यावर. त्याचा नमुना एकच असला तरी तापानंतरचा होता; डेंग्यू होऊन गेल्याच्या खुणा त्यात सापडल्या. तिचाही एकच, पण तापाच्या सुरुवातीचा. त्यातून काहीच ठरेना.

"सर, एकाच घरातली माणसं आहेत ती!" मी विभागप्रमुखांना म्हटलं.

"मला कळतंय गं. पण दुसरा नमुना कुठाय?"

सरांचं चुकत नव्हतं. डेंग्यूने गेलेल्यांत ती धरली गेली नाही.

निदान त्याचा निकाल त्याला सांगावा म्हणून मी टेकडी चढून गेले. खोलीला कुलूप होतं. तो गावी गेला, आता परतायचा नाही, असं शेजारीण म्हणाली. त्याच्यासाठी काही निरोप होता का, असंही तिने विचारलं.

मी नाही म्हटलं.