वाढलेलं ऑइल

पाथर्डीत आमचं पेंडीचं दुकान. नवऱ्याच्या मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते मीच बघते. गावोगाव पोती पोचवायला जुनी डिझेल पिकअप, आणि तिच्यावर सहा वर्षं एकच ड्रायव्हर होता. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर गाडी अचानक जास्त डिझेल खायला लागली. फेऱ्या त्याच, रस्ते तेच, टाकी मात्र लवकर रिकामी. सकाळी चालू होताना गाडी रडायची, काळा धूर सोडायची.

ड्रायव्हर एकदा म्हणाला, "वहिनी, मिस्त्रीला दाखवा. ऑइल कमी होण्याऐवजी वाढतंय."

मी हसले. "ऑइल कधी आपोआप वाढतं का?"

माझ्या डोक्यात वेगळंच घोळत होतं. आठ दिवसांनी दुकानात चार गिऱ्हाइकं उभी असताना मी त्याला विचारलं, "डिझेल कुठं विकतोस?" त्यानं माझ्याकडं पाहिलं. किल्ली काउंटरवर ठेवली आणि चपला घालून निघून गेला. मी हाक मारली नाही. चोर पकडला गेला, असंच वाटलं मला.

नवा ड्रायव्हर आला. डिझेल तेवढंच जळत राहिलं. तेव्हा पहिल्यांदा माझी खात्री डळमळली. शेवटी खर्ड्याला पोती टाकायला गेलेली गाडी चढावर दम तोडून थांबली, आणि तिला ओढत जामखेडच्या गॅरेजात न्यावं लागलं. निरोप मिळाल्यावर मीही तिथं गेले. म्हाताऱ्या मिस्त्रीनं ऑइल बघायची पट्टी बाहेर काढली. ऑइल खुणेच्या कितीतरी वर, आणि पाण्यासारखं पातळ. त्यानं ऑइलात बोट बुडवून माझ्यापुढं धरलं. निव्वळ डिझेलचा वास.

"पंपाचं सील गेलंय," तो म्हणाला. "डिझेल आतल्या आत ऑइलात उतरतंय. लई दिवसांचं हाय हे. कुनी सांगितलं न्हाई का?"

मी तिथूनच जुन्या ड्रायव्हरला फोन लावला.

फोन बंद होता. त्याच्या वस्तीवर गेले तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, नवरा-बायको दोघं टोळीबरोबर ऊस तोडायला गेलीत. गाडी शिकल्यापासून त्यानं कोयता हातात धरला नव्हता.

पत्ता काढून मी कारखान्याच्या तळावर गेले. तो पाचटाच्या कोपीसमोर बसून तळहाताला चिंधी बांधत होता. मी सगळं सांगितलं, चुकले म्हणाले. त्याची बायको आत निघून गेली.

"तुमी चार मान्सांत बोलला हुता," तो म्हणाला. "माफी मागायला एकट्या आलाय."

"माझ्याबरोबर चल. सगळ्यांसमोर सांगते."

"टोळीला शबूद दिलाय."

पुढच्या बाजारच्या दिवशी दुकान भरलेलं असताना मी मोठ्यानं सांगितलं, त्यानं डिझेल चोरलं नव्हतं, बिघाड गाडीत होता. एकजण "असं व्हय" म्हणाला. दुसऱ्यानं सरकीचा भाव विचारला. त्या दिवशीच्या चार जणांपैकी एकच हजर होता. उरलेल्या तिघांनी ती गोष्ट कुठं कुठं नेली असेल, मला ठाऊक नाही.

हंगाम संपल्यावर तो परत आला. आता दुसऱ्याचा टेम्पो चालवतो. स्टँडजवळ समोरासमोर आलो तर "बरं हाय ना वहिनी?" विचारतो, पण माझ्या उत्तरासाठी थांबत नाही.