आत्याच्या तोंडच्या टाचण्या

तोंडात टाचण्या असणं हे जगातल्या सगळ्याच आत्यांचं लक्षण आहे, असं मला लहानपणी बरीच वर्षं वाटत होतं. म्हातारपणी जसे केस पिकतात, तशा आत्या झालं की बाईला टाचण्या फुटत असाव्यात. पुढे मित्रांच्या आत्या पाहिल्या. त्या रिकाम्या तोंडाने बोलत होत्या आणि फार बोलत होत्या. तेव्हा कुठे मला आमच्या आत्याची किंमत कळली.

आत्या शिवणकाम करते. घराची पुढची खोली म्हणजेच तिचं दुकान. खिडकीशी मशीन, भिंतीला लागून कापायचं लांब टेबल, त्यावर खडू, टेप आणि एक मोठी कात्री. त्या कात्रीने कुणी कागद कापला तर घरात चार दिवस कुणी कुणाशी बोलत नाही. कोपऱ्यात पडदा लावून केलेली ट्रायल रूम. पडद्याच्या कड्या खर्रकन सरकल्या की नव्या कपड्यात अवघडलेलं गिऱ्हाईक बाहेर येतं. दाराजवळच्या खुर्चीत माझी आई, म्हणजे आत्याची वहिनी, काज-बटणं करत बसते आणि रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्यांवर नजर ठेवते. दोन्ही कामं ती सारख्याच बारकाईने करते.

आत्याचे पुढचे दात दाटीवाटीने उभे होते. एक पुढे आलेला, एक तिरका, एक दुसऱ्याच्या खांद्यावरून डोकावणारा. पुढच्या आणि तिरक्या दाताच्या मधे मात्र एक अशी बेमालूम फट तयार झाली होती, की तिथे पाच-सहा टाचण्या नीट बसायच्या. कितीही वाका, घेर टाचायला जमिनीवर बसा, शिंका. टाचणी पडायची नाही. आत्या हात वर न्यायची, एक टाचणी काढायची, कापडात खुपसायची. बघणाऱ्याला वाटावं ही बाई स्वतःचे दात काढून कपड्यांना लावतेय.

या टाचण्यांमुळे आत्याला कामाच्या वेळी एकच शब्द बोलता यायचा. तो म्हणजे "हं".

गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहून विचारायचं, "कसं दिसतंय?" आत्या म्हणायची, "हं." त्या 'हं'मधे ज्याला जे हवं ते सापडायचं. लठ्ठ माणूस बारीक होऊन जायचा, पन्नाशीची बाई पस्तिशीची होऊन जायची. तीस वर्षांत या 'हं'ने कुणाचं मन दुखावलं नव्हतं. दुकान आत्याच्या हातावर चालतं असं आम्ही समजत होतो. ते निम्मं टाचण्यांवर चालत होतं, हे पुढे कळलं.

झालं काय, आत्याने हौसेने तीन पाकळ्यांचा आरसा आणला. गिऱ्हाइकाला तिन्ही बाजूंनी कपडा दिसावा म्हणून. गिऱ्हाइकाला कपडा दिसला, पण मागे उभ्या असलेल्या आत्याला आत्याच दिसली. समोरून ती स्वतःला ओळखत होती. डाव्या पाकळीतली आणि उजव्या पाकळीतली बाई तिला नवीन होती. त्या दोघींचे दात ओठांतून बाहेर येऊन कोण आलंय ते बघत होते.

त्या दिवसापासून आत्या हसताना तोंडावर हात धरायला लागली. हातात टेप असली तर टेप धरायची. एकदा कात्री धरली, तेव्हा आई म्हणाली, "वन्सं, आता मात्र दातांच्या डॉक्टरकडे चला. नाहीतर नाकाच्या डॉक्टरकडे जावं लागेल."

दवाखान्यात एक अगदी तरुण मुलगी बसली होती. आत्याने तिलाच विचारलं, "डॉक्टर कधी येतील, बाळ?"

"मीच डॉक्टर, मावशी. आ करा." तिने दिवा खाली ओढला आणि आत डोकावली. "दाताला ही खाच कसली?"

"टाचणीची. ती राहू दे, कामाची आहे."

डॉक्टरने पडद्यावर आत्याचे दात मोठे करून दाखवले. मग बटण दाबलं, तसे ते दात हळूहळू सरकत शहाण्या मुलांसारखे एका ओळीत उभे राहिले. तारा नाहीत, काही नाही, पारदर्शक अलायनर. पातळ प्लॅस्टिकचा साचा, दातांवर बसवायचा. दर दोन आठवड्यांनी पुढचा साचा, मागच्याहून केसभर वेगळा. खाता-पिताना काढायचा, बाकी दिवसरात्र तोंडात.

आत्याने तो साचा बोटांत फिरवून पाहिला. "म्हणजे आम्ही माणसाच्या मापाचा कपडा शिवतो, आणि तू कपडा आधी शिवतेस आणि दातांना सांगतेस, आता मावा यात!"

"अगदी तसंच."

"आणि नाही मावले तर?"

"मावतात. थोडे कुरकुरतात, मग मावतात."

"आमच्या गिऱ्हाइकांना असं सांगता आलं असतं, तर माझं अर्धं आयुष्य वाचलं असतं गं!"

साचा पकडून राहावा म्हणून डॉक्टरने दोन-चार दातांवर दाताच्याच रंगाचे बारीक उंचवटे चिकटवले. आत्याने लगेच ओळखलं, ही टिचबटणं. साचा बसताना आवाजही तसाच आला. टिच, टिच. सगळं मनासारखं चाललं होतं. शेवटी डॉक्टर म्हणाली, "आणि तोंडात टाचण्या बंद."

"दिवसा?"

"दिवसा आणि रात्री."

"रात्री कोण टाचण्या घेऊन झोपतं!" आत्या म्हणाली.

घरी आईने अगदी जवळ जाऊन पाहिलं. "काहीच दिसत नाही हो."

"अस्तरासारखं आहे, वहिनी. दिसत नाही, पण असतं."

आईने तिला मनगटावर बांधायची टाचण्यांची उशी शिवून दिली. चहाच्या वेळी साचे ठेवायला आत्याला डबी सापडेना, म्हणून तिने ते बटणांच्या डब्यात ठेवले. जुळणारं बटण शोधायला एका बाईने डबा उघडला आणि आत कुणाचं तरी हसू पाहून ती किंचाळली. पण हे किरकोळ. खरा घोळ पुढे सुरू झाला.

आत्याचं तोंड रिकामं झालं होतं.

तिने आधी नुसतं 'हं' म्हणून पाहिलं. पण टाचण्या नसलेल्या तोंडातून आलेलं 'हं' फार कोरडं वाटतं. "हं काय, हं? नीट सांगा ना," असं गिऱ्हाईक म्हणायला लागलं. आणि नीट सांगायचं तर आत्याला खोटं बोलता येत नाही. तीस वर्षं गरजच पडली नव्हती, त्यामुळे सरावच नव्हता.

"हा पिवळा मला खुलतो ना?" एकीने विचारलं.

"तो खुलतो. तुम्ही मावळता."

"या कोटात मी बारीक दिसतो?" एका गृहस्थांनी विचारलं.

"दिसता. रस्त्याच्या पलीकडून."

"या ड्रेसमधे वय कळत नाही, हो ना?"

"ड्रेसचं नाही कळत."

आई सुई बोटात खुपसून घ्यायची. गिऱ्हाईक गेलं की म्हणायची, "वन्सं, जरा गोड बोलावं!" आत्या बिचारी डोळ्यांत पाणी आणून म्हणायची, "अहो, मी विचार करेपर्यंत निघून जातं तोंडातून. अडवायला काही नसतं ना आता!" पिवळ्या ड्रेसवाली परत आली नाही. कोटवाल्यांनी कोट नेला, पँटचं कापड समोरच्या दुकानात टाकलं. मशीनचा आवाज दिवसातून बराच वेळ बंद राहायला लागला.

आणि असे काही महिने गेल्यावर मोठ्या बाईंची ट्रायल आली.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. तीस वर्षं त्यांचे सगळे कपडे आत्याच शिवायची, आणि त्यांच्याच शब्दावर शाळेच्या गणवेशांचं काम दर वर्षी आत्याकडे यायचं. दुकानाचा अर्धा भार त्या गणवेशांवर. आता बाई निवृत्त होत होत्या. नव्या बाई येणार, आणि गणवेश कुणाकडे द्यायचे ते त्या मोठ्या बाईंनाच विचारणार. म्हणजे मोठ्या बाई दुखावल्या, की गणवेश गेले, आणि गणवेश गेले की दुकानही गेल्यातच जमा.

बाईंनी मलाही गणित शिकवलंय. डावखुऱ्या. अक्षर मोत्यासारखं, पण सगळं गणित फळ्याच्या खालच्या अर्ध्यात. वरचा अर्धा फळा वर्षभर कोरा. आम्ही मागच्या बाकावरचे उभे राहून बघायचो. पुढच्या छोट्यांना नीट दिसावं म्हणून बाई असं लिहितात, हा त्यांचा मोठेपणा, अशी शाळेची समजूत होती.

निरोप समारंभासाठी बाईंनी ड्रेस सांगितला होता, जांभळा आणि फुग्याच्या बाह्यांचा. मासिकात पाहिलेला. आत्याने तो शिवला, हँगरला लावला आणि समोर बसून राहिली.

"वहिनी, या बाह्यांबद्दल त्यांनी मला विचारलं, तर?"

"तर काय, 'हं' म्हणायचं! एका दिवसाचा प्रश्न आहे. तेवढ्यापुरतं ते प्लॅस्टिक काढून ठेवा आणि घाला टाचण्या तोंडात. डॉक्टर काय खिडकीतून बघणार आहे?"

आत्याने उठून बटणांचा डबा जवळ आणून ठेवला.

बाई आल्या तेव्हा मी माझी पँट उंचीला कमी करून घ्यायला पुढच्या खोलीत गेलो होतो. "अजून वाढतोयस की कमी होतोयस?" असं मला विचारून बाई पडद्याआड गेल्या. इकडे आत्याने पाठ फिरवून साचे काढले, डब्यात टाकले. उशीतल्या पाच-सहा टाचण्या उपसून नेहमीच्या जागी दातांत धरल्या. आईने मान डोलावली. खर्रकन पडदा सरकला.

बाई तीन पाकळ्यांसमोर उभ्या राहिल्या. ड्रेस अंगावर छान बसला होता. पण बाह्या! बाईंच्या दोन्ही खांद्यांवर कुणीतरी उशा ठेवून विसरून गेल्यासारखं दिसत होतं.

बाईंनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "काय गं, कशी दिसतेय?"

आत्याने 'हं' म्हणायला श्वास घेतला. आणि सगळ्या टाचण्या टपटप खाली पडल्या.

इतक्या महिन्यांत दात सरकले होते. तिरका दात अर्धा सरळ झाला होता, डोकावणारा मागे गेला होता. ती तीस वर्षांची फट आता तिथे नव्हती. आत्याने जिभेने चाचपून पाहिलं, मग खाली पाहिलं, मग आईकडे पाहिलं. आई एका बटणावर चौथ्यांदा दोरा गुंडाळत होती.

"अगं, विचारतेय ना मी."

"बाई," आत्या म्हणाली, "ड्रेस चांगला आहे. बाह्या नाही शोभत. दोन्हीकडून कुणीतरी तुमच्या कानात कुजबुजायला बसल्यासारखं वाटतं."

बाईंनी आरशात पाहिलं. तिन्ही पाकळ्यांत पाहिलं. आणि म्हणाल्या, "हं."

आईने डोळे मिटून घेतले. तिला गणवेश जाताना दिसत असावेत, एकामागून एक, रांगेत.

"आता तू बोललीस, तर मीही एक बोलू?" बाईंनी विचारलं.

"बोला ना."

"डावा मुंढा काचतो, इथे काखेत."

आत्याने टेप गळ्यातून काढली. "या ड्रेसचा?"

"सगळ्यांचा."

"सगळ्यांचा म्हणजे? कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"अहो, तुमचा डावा खांदा जरा उतरता आहे, तो दिसू नये म्हणून मी मुंढा मुद्दाम वर घेते! तीस वर्षं घेतेय! बोलला का नाहीत?"

"कशी बोलणार? तू समोर टाचण्या तोंडात धरून उभी. मला वाटायचं, हिला काही बोललं तर ही दचकेल, आणि गिळेल."

मला राहवेना. "बाई, म्हणजे तुम्ही फळ्यावर कायम खालीच..."

"मग काय! हात वर जातच नव्हता रे. हे बघ." बाईंनी खडू धरल्यासारखा डावा हात उचलला. तो कानापर्यंत गेला, अडला. बाईंनी अजून जोर लावला, आणि काखेत टर्रकन शिवण उसवली.

आधी कोण हसलं ते सांगता येणार नाही. बाई उसवलेला हात तसाच वर धरून हसत होत्या. आई हसता हसता काजाचं कापड डोळ्यांना लावत होती. आणि आत्या हसत होती. टेप एका हातात, दुसरा हात बाईंच्या खांद्यावर, तोंडावर काहीच नाही. आरशाच्या तिन्ही पाकळ्यांत तीन आत्या तोंड उघडून हसत होत्या, आणि तिघींचेही दात अजून निम्मेच सरळ झाले होते.

"वन्सं, दात दिसतायत," आई हळूच म्हणाली.

"दिसू देत हो," आत्या म्हणाली. मग तिने बटणांच्या डब्यातून साचे काढले, मागे जाऊन नळाखाली धुतले आणि परत येता येता बसवले. टिच, टिच.

"सोमवारी नव्या बाईंना घेऊन येते गणवेशांसाठी," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "त्यांच्याशी बोल हं मोकळेपणी. त्यांना वाटतं, चौकड्याचं कापड त्यांना शोभतं."

"चौकडा कुणालाच शोभत नाही," आत्या म्हणाली. आईने कपाळाला हात लावला. पण आत्याचं तिकडे लक्ष नव्हतं. तिने त्या फुग्याच्या बाह्यांच्या शिवणीत कात्रीचं टोक घातलं, दोन्ही बाह्या उसवून टेबलावर टाकल्या, आणि टेप उलगडून बाईंच्या डाव्या खांद्याशी उभी राहिली.

"हं. आता करा हात वर," ती म्हणाली. "जाईल तेवढा."