बहिरूने बिघडवलेला आयर्न

पेठकडचा बहिरू भोये नाशिकजवळ अंबडच्या एका कारखान्यात अकरा वर्षं ग्राइंडिंगला होता. तिथे गोल्फच्या काठ्यांची पोलादी डोकी बनतात, त्यांना आयर्न म्हणतात. बहिरूने गोल्फ जन्मात पाहिला नव्हता, पण आयर्नमधली गोम त्याला मालकापेक्षा जास्त कळे. पाठ पोकळ ठेवायची, वजन कडांना न्यायचं. मग चेंडू मधोमध लागला नाही तरी डोकं फिरत नाही आणि चेंडू बऱ्यापैकी सरळ जातो. नाचता येईना त्यांच्यासाठी अंगणच सरळ करून द्यायचं, असा हा धंदा. हौशी लोकांच्या त्यावर उड्या पडतात.

घासताना उडणारी धूळ मात्र मास्कला जुमानत नसे. छातीचा फोटो पाहून डॉक्टरांनी सांगितलं होतं, धुळीतून बाहेर पडा, नाहीतर औषधाचा उपयोग नाही. बहिरूने तीनदा पॅकिंगला बदली मागितली. सुपरवायझर शेखर साहेबांचं तिन्ही वेळा एकच उत्तर, "बहिरू, तुझ्यासारखा हात मी कुठून आणू?"

असलं कौतुक चुलीत घालावं! बहिरू घाबरून गेला होता. नोकरी सोडावी तर पोरींची शाळा नाशकात.

शेवटी बायको, सविता, वैतागून म्हणाली, "हात चांगला हाय म्हनून अडकलात ना? मंग बिघडवा की एकदा!"

नव्या मॉडेलचा नमुना हातात आला तेव्हा बहिरूने तेच केलं. तळाची पुढची धारदार कड गोल करून टाकली, मागचीही घासली. लावलेल्या भातावर पाय द्यावा तसं त्याला वाटलं. मग तो शिव्यांची वाट बघत बसला.

चौथ्या दिवशी डिझाइनवाल्या तृप्ती मॅडम तो नमुना नाचवतच आल्या. नवशिक्याचा फटका चेंडूआधी जमिनीला लागला की आयर्नची कड मातीत रुतते. चाचणीत हा मात्र गवतावरून घसरत चेंडूपर्यंत पोचला होता! मशीनला ती गोलाई जमेना, म्हणजे सगळा माल बहिरूच्याच हातून जाणार होता. टाळ्या झाल्या, शाल-नारळ झाला.

"मॅडम, म्या मुद्दाम बिघडवला व्हता," बहिरू कसाबसा म्हणाला. "मला धूळ सोसत नाय. पॅकिंगला टाका."

सगळे हसले. "बघा, किती साधा माणूस!" शेखर साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "तुला नवा मास्क मागवतो."

"आन् पॅकिंग?"

"तिथे आजच तुझ्या शेजारच्या पट्ट्यावरच्या नाथाला पाठवला. त्याच्या हाताला काही वळणच नाही रे."

बहिरूने शाल घडी करून पिशवीत ठेवली आणि घासायचा पट्टा चालू केला.