मागाच्या खांबाची साक्ष

मी आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. मोहाची एकदा नुसती हुंगली होती, तर अर्धा दिवस शिंकत होतो. पण नागपुरातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या जुन्या माणसांना विचाराल तर ते सांगतील, मास्तर तारणाआधी पक्का दारुडा होता, गटारात पडायचा. हे त्यांना मीच सांगितलं. मोठ्या आवाजात, डोळ्यांत पाणी आणून.

मी कोष्ट्याचा मुलगा. बाप मागावर रेशीमकाठी धोतरं विणायचा. मी मिशनच्या शाळेत शिकलो, तिथे प्रभूला ओळखलं, बाप्तिस्मा घेतला आणि तिथेच मास्तर झालो. संपली हकीकत. बुधवारच्या प्रार्थनासभेत मी साक्ष द्यायला, म्हणजे प्रभूने मला कसं बदललं ते सांगायला, उभा राहिलो की लोक 'आमेन'सुद्धा जांभई देत म्हणायचे. माझ्यानंतर दवाखान्यातला कंपाउंडर उठायचा. तो पूर्वी खरोखरच वाटमारी करायचा. त्याची साक्ष ऐकायला बायका स्वयंपाक लवकर उरकून येत. मला त्याचा हेवा वाटे. देवाने या माणसाला काय एकेक पापं करू दिली, आणि मला मात्र पाढे शिकवायला बसवलं!

मग मी साक्ष जरा वाढवली. आधी दारू घातली, मग गटार, मग जुगार. पाद्रीसाहेब उपदेशात सांगत, आत्मिक वाढ झाडासारखी असते, इतकी हळू की झाडालाही कळत नाही. माझी साक्ष भोपळ्याच्या वेलासारखी रोज वीतभर पुढे जात होती, आणि मी तिलाच आत्मिक वाढ समजत होतो. घरी बायको वाढता वाढता विचारायची, "अहो, ही दारू तुम्ही प्यालात केव्हा?"

"ते आत्मिक अर्थाने गं."

"आणि गटार?"

मी डोळे मिटून जेवणाची प्रार्थना सुरू करायचो.

स्वतःची पापं संपली तेव्हा मी बापाकडे वळलो. साक्षीत छळ असला की तिला वजन येतं. मी सांगू लागलो की बाप्तिस्मा घेणार म्हटल्यावर बापाने मला मागाच्या खांबाला बांधलं आणि चाबकाने मारलं. पहिल्याच दिवशी 'चाबूक' म्हणताच मागच्या बाकावर कोणीतरी हुंदका दिला. पुढच्या बुधवारी रक्तही निघालं.

खरं काय झालं होतं? मी बाप्तिस्म्याचं सांगितलं तेव्हा माय रडली. बाबा मागावर जाऊन बसले. धोटा इकडून तिकडे जात राहिला. बरेच दिवस घरात तेवढाच आवाज होता. मग एका सकाळी माग थांबवून त्यांनी विचारलं, "त्या दिवशी काय नेसा लागते?"

"पांढरं धोतर."

"किनार चालते का तुमच्या देवाले?"

मी विद्वानासारखा चेहरा करून म्हणालो, "नाही चालत." असं मला कोणीही सांगितलेलं नव्हतं. पाद्रीसाहेबांना विचारलं असतं तर ते हसले असते. पण आपण काहीतरी कडक धरलंय, असं दाखवायची मला हौस होती. ज्या माणसाचं सगळं कसब किनारीत, त्याने माझ्यासाठी कोरं धोतर विणलं. आणि मी ते नेसून पाण्यात उतरलो म्हणून जातीच्या पंचायतीने त्याची पंगत बंद केली. सख्ख्या पुतण्याच्या लग्नात तो मांडवाबाहेर बसून परतला. म्हणजे छळ झाला होता. फक्त तो माझा नव्हता.

साक्षीत चाबूक आला त्या साली कापणीच्या सणाला मोठी सभा होती. लोकांनी ज्वारीची कणसं, संत्र्यांच्या टोपल्या, कोंबड्या आणून वेदीपुढे ठेवल्या होत्या, आणि साक्ष माझी होती. बायकोने मला न विचारता मामंजींना बोलावणं धाडलं. मी समजलो, तिला वाटलं असेल, मुलगा एवढा बोलतो, बापाने एकदा ऐकावं. ते आले, जोडे दाराशी काढले आणि शेवटच्या बाकाच्याही मागे, जमिनीवर बसले. मी त्यांना पाहिलंच नाही. मी खांबापाशी पोचलो, चाबूक काढला, रक्त काढलं. सगळे डोळे पुसत होते. मग मागून खोकला ऐकू आला. तो खोकला मी पाळण्यात असल्यापासून ओळखतो.

सभा सुटताच कोणीतरी ओरडलं, "मास्तरचा बाप आला ना बाप्पा!" गर्दी त्यांच्याभोवती जमली. पाद्रीसाहेब वाकून त्यांच्या छापील मराठीत म्हणाले, "आजोबा, आपण आपल्या पुत्रास मारिले, याचा आपणांस पश्चात्ताप होतो काय?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी संत्र्यांकडे पाहत होतो.

"हो साहेब," ते म्हणाले. "मारलं. लय मारलं म्या त्याले. चुकलं माह्यं."

लोकांनी गुडघे टेकून त्यांच्यासाठी प्रार्थना केली. बाबाही सगळ्यांचं पाहून गुडघ्यांवर आले. तेव्हा मी एकच शब्द बोलायला हवा होता, 'खोटं'. त्या वेळी वेदीपुढचा कोंबडा आरवला असता तर गोष्ट शास्त्रातल्या, प्रभूला तीनदा नाकारणाऱ्या शिष्याप्रमाणे झाली असती, आणि मीही त्याच्यासारखा बाहेर जाऊन रडलो असतो. पण तो मुकाट्याने ज्वारी टिपत होता. मी 'आमेन' म्हणालो.

परतताना आम्ही दोघं सीताबर्डीच्या रस्त्याने पायी चाललो होतो. कोणीतरी त्यांच्या उपरण्यात दोन संत्री घातली होती. किल्ल्याच्या टेकडीखाली आलो. तिथे मी विचारलं, "बाबा, तुम्ही हो काहून म्हणालात?"

"मंग काय एवढ्या लोकायसमोर तुले खोटा पाडू?"

थोडं पुढे गेल्यावर त्यांना हसू आलं. "पण लेका, कोष्ट्याचा पोट्टा हायेस तू. मागाच्या खांबाले माणूस बांधून मारला तं सारा माग हालते. ताण्याचं सूत तुटते. कोनता कोष्टी असं करन गा? कोनी जानकार आयकून राहिला असता तं तिथंच धरला असता तुले. दुसऱ्या खेपेले दारातल्या लिंबाले बांधलं म्हन."

ते एक संत्रं सोलत होते. अर्धं त्यांनी मला दिलं.

येत्या बुधवारी सगळं सांगून टाकायचं, असं मी ठरवलं. बुधवारी उभा राहिलो आणि गटार काढून टाकलं. एवढंच जमलं. पुढे काही महिन्यांनी दारू कमी केली, मग जुगार. कोणाच्या लक्षातही आलं नाही. रक्त काढलं, चाबकाची छडी केली. माझी खरी आत्मिक वाढ काय ती हीच, वाढीपेक्षा छाटणी म्हणावी अशी, आणि पाद्रीसाहेब म्हणत त्याहूनही हळू. खांब मात्र राहिला. तो काढला की बाबांनी सर्वांदेखत खोटं कबूल केलं हेही सांगावं लागणार, आणि का केलं तेही. तेवढा मी वाढलो नव्हतो. बाबा अधूनमधून थट्टेने विचारत, "काहून गा, सोडलं का मले तुह्या देवानं?" मी म्हणायचो, "सोडेल, बाबा." त्यांना वाटे मी देवाबद्दल बोलतोय; त्या खोट्या पापातून त्यांना सोडवायचं होतं ते मला.

एका उन्हाळ्यात ते गेले. मंडळीतली माणसं मला भेटायला आली आणि म्हणाली, निदान पश्चात्ताप करून गेला हो तुमचा बाप.

त्यानंतरच्या बुधवारी मी सगळं सांगितलं. बांधलं नाही, मारलं नाही, बोट लावलं नाही. मला तोंडघशी पडू द्यायचं नाही म्हणून त्यांनी हो म्हटलं. माझा आवाज फुटला, या वेळी न फोडता. मी बसलो. मग कंपाउंडर उठला, डोळे पुसत म्हणाला, "पाहा, प्रभूने याला केवढी क्षमा शिकवली! मेलेल्या बापाचं पाप झाकतो आहे." मागून एक म्हातारी म्हणाली, "लेकरू असावं तं असं." आणि सगळी सभा एका सुरात 'आमेन' म्हणाली. माझ्या साक्षीला एवढा मोठा 'आमेन' कधी मिळाला नव्हता.

घरी येताना मी बायकोला म्हणालो, "तुला तरी पटलं ना?"

"मला ठाऊकच होतं," ती म्हणाली. "म्हणून तर मामंजींना बोलावलं होतं मी. मला वाटलं, त्यांना समोर पाहून तुम्ही थांबाल."

ते कोरं धोतर अजून पेटीत आहे. आता मी साक्ष देत नाही. फारच आग्रह झाला तर उभा राहतो आणि सांगतो की माझ्या बापाने मला बाप्तिस्म्यासाठी धोतर विणून दिलं. किनार घालू का म्हणून विचारलं, आणि मी नको म्हणालो. मग बसतो. नवी मंडळी माना पुढे करून वाट पाहत राहतात. परवा एक तरुण शेजारच्याला हळूच विचारत होता, "आणि मग मारलं केव्हा?"